बिगुलवाल्याची खोली

१९४८च्या डिसेंबरात आमच्या कोस्टारिकाच्या सरकारने सैन्यच बरखास्त केले. गावच्या बराकीत मुलींची शाळा भरवायचे ठरले. रायफली पोलिसांकडे गेल्या, खाटा इस्पितळाकडे, शिपाई कॉफीच्या मळ्यांवर. उरला फक्त बिगुलवाला एलिएसेर ब्रेनेस. वय बावन्न, एक पाय अधू, त्यामुळे मळ्यात कोणी घेईना. बायको एर्मिनियासह तो बराकीच्या मागच्या खोलीत राही. शाळेत नेमणूक झाली नाही तर खोली सोडायची, असा लेखी हुकूम होता.

मुख्याध्यापिका सोराइदाबाईंकडे घंटा नव्हती. त्यांनी एलिएसेरलाच बिगुल वाजवायला सांगितले. त्याला येत ते फौजेचेच सूर. शाळा भरताना तो पहाटेचा सूर वाजवी, सुटताना माघारीचा. मधल्या सुट्टीला काहीच बसेना, म्हणून हल्ल्याचा. सुट्टीत एर्मिनिया मुलींना तमाल, म्हणजे केळीच्या पानात उकडलेले मक्याचे मुटके, विकी.

मार्चमध्ये शाळाखात्याचे इन्स्पेक्टर तपासणीला आले. मी त्यांचा कारकून, सामानाची यादी माझ्याकडे. दहाला हल्ल्याचा बिगुल झाला आणि दीडशे मुली अशा सुटल्या की साहेब भिंतीला चिकटले.

"हे काय, बाई? सैन्य बंद झालंय ना?"

"झालंय की. पण सैन्य होतं तेव्हा हा सूर ऐकून कोणी पुढे पळत नसे."

"खरंय, साहेब," एलिएसेर म्हणाला. "गेल्या एप्रिलच्या लढाईत मी दोनदा वाजवला. दोन्ही वेळा मैदानात मी एकटाच. या पायानं मागेही पळता येईना."

"त्याचंच तर पदक दिलं यांना!" तमालच्या टोपलीमागून एर्मिनिया म्हणाली.

साहेब हसले नाहीत. "शाळेला शिपायाची जागा मंजूर नाही. महिनाअखेर खोली रिकामी करा."

एर्मिनियाने टोपली खाली ठेवली. सोराइदाबाईंनी माझ्या हातातली यादी ओढली. "यात घंटा मंजूर आहे?"

"आहे. एक."

"मिळाली म्हणून लिहा."

साहेबांनी घड्याळ पाहिले. अकराची परतीची बस गाठायची होती. मी लिहिले : घंटा, पितळी, एक, चालू स्थितीत, ठेवण्याची जागा, मागची खोली. साहेबांनी न वाचता सही ठोकली.

तीन वर्षांनी खात्याने खरी घंटा पाठवली. सोराइदाबाईंनी ती त्याच गाडीने परत पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत होते : आमची घंटा उत्तम चालते, शिवाय तिचा संसार आहे.