नाक बंद, रिपोर्ट ‘सब ठीक’

प्रशांत, इकडे ये. अजून जवळ. कागदावर बोलावते आहे म्हणून लांब बसू नकोस. परवा सिंदीला तुझ्या घरी आले होते, तेव्हा पाहुण्यांसमोर काही बोलले नाही. आता ऐकून घे. जेवणात दोनदा उठलास, मोरीकडे गेलास आणि खिशातली बाटली नाकात पिळून आलास. मी पाहिलं. अरे, पेशंटच्या उशीखालून विड्या, लोणचं, प्रेमपत्रं, सगळं शोधून काढलेली बाई मी. माझ्यापासून थेंबांची बाटली लपवतोस?

तुझी बायको हळूच म्हणाली, “मावशी, डॉक्टरनं सायनसचं ऑपरेशन सांगतलं. पण हे म्हणतेत, साधी सर्दी हाय, जिनिंगचा सीझन सरला का जाईन.” सीझन सरला, लेका. कापूस पिंजायची जिनिंगची मशीन बंद पडली. तुझं नाक उघडलं का?

घाबरतोस म्हणून टाळतोस, हे मला कळतं. म्हणून एक गोष्ट लिहून पाठवते. तुझ्यासारख्या दुसऱ्या कुणाला वाचायला दे, हरकत नाही.

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होते. पुलगावात अजून लोक विचारतात, “बाई, तुमी बंदूक चालवली का?” नाही चालवली. सलाईन चालवलं. खांद्यावर रँक होती, पोस्टिंग ऑर्डर आली की ट्रंक भरायची, एवढं सैनिकपण मला पुरे होतं.

कॅप्टन असताना माझी पोस्टिंग डोंगरातल्या एका हॉस्पिटलमध्ये झाली. वरच्या चौक्यांवर आजारी पडलेला जवान आधी आमच्याकडे यायचा. सकाळी राउंड, मग ड्रेसिंग, इंजेक्शनं, दुपारी नवे पेशंट. थंडीनं काळी पडलेली बोटं, मोडलेले पाय, छातीत पाणी. आणि नाकं. नाकांचे पेशंट इतके असतील असं मला वाटलं नव्हतं. कोरडी थंड हवा, आणि बंकरात रात्रंदिवस बुखारी पेटलेली. बुखारी म्हणजे रॉकेलची शेगडी. सकाळी जवानानं नाक शिंकरलं की रुमालावर काजळी.

आमचे नाक-कान-घशाचे सर्जन मेजर कुरियन. शांत माणूस. नव्या नर्सिंग असिस्टंटांना शिकवताना ते भिंतीवर खडूनं चेहरा काढायचे. “चेहऱ्याच्या हाडात पोकळ खोल्या आहेत,” ते हिंदीत सांगायचे. “कपाळात, गालात, दोन डोळ्यांच्या मध्ये, आणि मागे खोल. प्रत्येक खोलीचं दार नाकात उघडतं. आत रोज थोडा शेंबूड तयार होतो, तो दारातून बाहेर जातो. दार केवढं? ज्वारीच्या दाण्याएवढं.”

हे दार सुजून बंद झालं की आतलं आत साचतं. साधी सर्दी आठ-दहा दिवसांत उतरते. पण तीन महिने होऊनही नाक बंद, घशात मागून घाण उतरते, गाल-कपाळ जड, वास येत नाही, असं असेल तर त्याला सर्दी म्हणत नाहीत. तो जुनाट सायनस. त्यात दर वेळी जंतूच दोषी असतात असंही नाही. आतलं अस्तरच चिडलेलं असतं, सुजलेलं राहतं. काहींच्या नाकात द्राक्षासारखे मऊ फुगे धरतात, त्याला पॉलिप म्हणतात. म्हणून दर महिन्याला मेडिकलमधून अँटिबायोटिक घेऊन हे जात नाही. आणि तुझ्या बाटलीतले थेंब चार-पाच दिवसांपुरते. त्याहून जास्त घेतले की नाक त्यांची सवय धरतं, थेंबाचा असर उतरला की आधीपेक्षा जास्त बंद होतं. मग पुन्हा थेंब. तू त्याच फेऱ्यात आहेस.

आता सैन्यातली एक सवय सांगते, कारण गोष्ट तिच्यावरच आहे. रोज फॉल-इन झालं, म्हणजे रांगेत उभं राहिलं, की रिपोर्ट द्यायचा. “सब ठीक, साहब.” टाच फुटली, सब ठीक. ताप आला, सब ठीक. जवानाला भीती गोळीची नसते, मेडिकल कॅटेगरीची असते. तब्येत पूर्ण चांगली म्हणजे शेप-वन. ती गेली की पलटण वर जाते आणि माणूस मागे स्टोअरमध्ये राहतो. म्हणून आजार लपवायचा.

असाच एक जवान हिवाळ्यात हेलिकॉप्टरनं खाली आला. शिपाई गजानन काळबांडे, वय तेवीस. दोन वर्षं नाक बंद. कुणाला सांगितलं नव्हतं. सुट्टीवरून येताना थेंबांच्या बाटल्या आणायचा, पाठीवरच्या पिट्टूत, मोज्यांत गुंडाळून. चौकीवर सर्दीनं जोर केला, ताप चढला, आणि दोन दिवसांत उजवा डोळा सुजून बंद झाला. तेव्हा त्याच्या सुभेदारांनी त्याला बळंच हेलिकॉप्टरमध्ये बसवलं.

सीटी स्कॅन झाला. मेजर साहेबांनी फिल्म दिव्यावर धरली आणि मला बोलावलं. डोळ्याची खोबण आणि त्याच्या शेजारची सायनसची खोली यांच्यात कागदासारखं पातळ हाड असतं. सायनसमधला पू ते हाड ओलांडून डोळ्याच्या बाजूला साचला होता.

“Nerve दबली तर डोळा गेला,” ते म्हणाले. “सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू करा. डोळ्याचे डॉक्टर खालच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये आहेत. हवा उघडली की पाठवू. पण दर अर्ध्या तासानं नजर तपासा. लाल रंग आधी जातो. लाल फिका दिसला की थांबायचं नाही, मी इथेच उघडतो.”

दुसऱ्या दिवशीही हवा उघडली नाही. बर्फ पडत होता. दुपारी मी ड्यूटीवर आले. हवालदार रणजीत आमचा नर्सिंग असिस्टंट, त्यानं चार्ज दिला.

“मॅडम, बेड सात. रंग लाल बता रहा है. सब ठीक.”

मी बेड सातशी गेले. मिलिटरी हॉस्पिटलचं कंबल लाल असतं. रणजीतनं त्याचंच टोक दाखवून तपासलं होतं. मीही कंबलाचं टोक उचललं, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या सुजलेल्या पापणीवर ठेवलं.

“रंग?”

“लाल, सिस्टर. सब ठीक.”

उत्तर आलं, तेव्हा पापणी मी अजून उचललीच नव्हती.

 ड्रेसिंग ट्रॉलीवरून ओटीचा, म्हणजे ऑपरेशन थिएटरचा, हिरवा टॉवेल घेतला. त्याचा चांगला डोळा तळहातानं झाकला. पापणी उचलली, टॉवेल समोर धरला.

“आता सांग. रंग?”

“लाल, सिस्टर.”

त्याच्या पायथ्याच्या कार्डावर लिहिलं होतं, तालुका आष्टी, जिल्हा वर्धा. मी हिंदी सोडली.

“आष्टीकडचा का रे तू?”

तो एकदम माझ्याकडे वळला. “तुमी वर्ध्याच्या का?”

“पुलगावची. आता खरं सांग. काय दिसून राह्यलं तुले?”

 मग म्हणाला, “धुकं, ताई.”

“कवापासून?”

“सकाळपासून.”

“मंग सांगतलं काऊन नाई?”

“ते हवालदार कंबलच दाखवतेत. कंबल तं लालच रायते. मी लाल म्हनलं.” मग तो म्हणाला, “मले खाली नका पाठवू, ताई. कॅटेगरी गेली तं पलटण वर जाईन अन् मी स्टोअरात बसून भांडे मोजीन.”

“एका डोळ्याच्या माणसाले भांडे मोजायले पन ठेवत नाईत, बापू.”

त्याला बोटं मोजायला लावली, जमलं नाही. मी फोन उचलला.

“सर, कॅप्टन वानखेडे. बेड सात. उजव्या डोळ्याला लाल रंग नाही. बोटं मोजता येत नाहीत.”

“Sure?”

“हिरवा टॉवेल लाल सांगितला, सर.”

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, “ओटी तयार करा. अभी.”

कमांडिंग ऑफिसर कर्नल साहेब ओटीच्या दारापर्यंत आले. “कुरियन, चॉपर सुबह आ सकता है.”

“सर, सुबह तक आँख नहीं रहेगी.”

कर्नल साहेबांनी खिडकीतून बर्फाकडे पाहिलं. “Carry on.”

स्ट्रेचरवर गजाननानं माझी बाही धरली. “ताई, तोंड कापतेत का?”

“नाई. नाकपुडीतून दुर्बीण जाते. बाहेर टाकाही नाई. तू झोपून राह्यशीन.”

“मंग माह्या लग्नाले अडचन नाई.”

“तुझ्या लग्नाले तुझंच तोंड अडचन हाय. आता मिट ते.”

भूल दिली. पेन्सिलीसारखी बारीक दुर्बीण नाकपुडीतून आत गेली. सुजलेले पॉलिप आडवे होते, ते काढले. डोळ्याच्या आतल्या बाजूच्या खोल्या उघडल्या. मग ते पातळ हाड बाजूला केलं आणि पू सुटला. मी ट्रे धरून उभी होते. मेजर साहेबांनी एकदा मान हलवली आणि म्हणाले, “Suction.” बाकी काही नाही.

संध्याकाळी तो पूर्ण शुद्धीवर आला. मी चांगला डोळा झाकला, पापणी उचलली. कंबल दाखवलं नाही. एप्रनच्या खिशात हाताला लागलं ते समोर धरलं.

“काय आहे?”

त्यानं वेळ घेतला. “टोपन. इंजेक्शनच्या बाटलीचं. लाल हाय, पन मळकं दिसून राह्यलं.”

हे पहिलं खरं उत्तर. सकाळपर्यंत मळकेपणही गेलं. हवा उघडली, हेलिकॉप्टर आलं, डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासून त्याला आमच्याकडे परत पाठवलं. नजर शाबूत.

पण प्रशांत, इथे गोष्ट संपत नाही, आणि लोक इथेच चुकतात. ऑपरेशननं दारं उघडतात. अस्तराचा चिडका स्वभाव कापून काढता येत नाही. मेजर साहेबांनी त्याच्या बाटल्या माझ्यासमोर कचऱ्यात टाकल्या. मग रोज दोन वेळा नाक धुणं. उकळून गार केलेलं पाणी, त्यात मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा. नळाचं पाणी तसंच घ्यायचं नाही. वाकायचं, तोंडानं श्वास घ्यायचा, एका नाकपुडीतून ओतायचं, दुसरीतून येऊ द्यायचं. पहिल्या दिवशी तो म्हणाला, “ताई, हे तं पोहन्यापेक्षा बुडनं झालं.” आठवड्यात सवय झाली. त्यानंतर नाकात मारायचा स्टिरॉइडचा स्प्रे, बाटलीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे न करता बाहेरच्या बाजूला. त्याचा गुण यायला आठवडे लागतात. हे थेंबांसारखं चटकन नाही, म्हणून लोक सोडून देतात. त्यानं सोडलं नाही. खपल्या साफ करायला मेजर साहेब दुर्बीण घालायचे, तेव्हा डोळ्यांतून पाणी यायचं. सूज पूर्ण उतरल्यावर दोन्ही बाजूंचे उरलेले पॉलिप ठरवून, सावकाश काढले. दुसऱ्या वेळी तो स्वतः चालत ओटीत आला.

आणि ज्या कॅटेगरीसाठी त्यानं डोळा पणाला लावला, ती गेली का? उपचारापुरती खाली ठेवली. बरा झाला, मेडिकल बोर्डासमोर उभा राहिला, शेप-वन परत मिळाली. दोन वर्षं उगाच लपवलं.

तुझा डोळा सुजलेला नाही. तुझं ऑपरेशन घाईचं नाही, ठरवून होणारं आहे, म्हणजे सोपं. त्यातही धोका असतो, नाक डोळ्याला आणि मेंदूला लागून आहे. म्हणून तर आधी सीटी काढतात, नकाशा पाहून मगच आत जातात. पॉलिप पुन्हा येऊ शकतात, म्हणून धुणं आणि स्प्रे पुढेही. जिनिंगमध्ये मास्क लाव, कापसाची धूळ तुझ्या नाकाची वैरी आहे. आणि कधी डोळा सुजला, एकाचे दोन दिसले, ताप येऊन मान आखडली, तर मावशीला फोन करत बसू नकोस, सरळ हॉस्पिटल गाठ.

गजानन त्याच्या पलटणीबरोबर वर गेला. जाताना वॉर्डात येऊन सॅल्यूट केला आणि नाकानं मोठा श्वास घेऊन दाखवला. रणजीत म्हणाला, “शो-ऑफ करता है.” पुढच्या वर्षी चौकीवरच्या गोळाबारीत गजानन मारला गेला. बातमी मला ड्यूटीवर कळली. मी ड्यूटी पूर्ण केली.

सुट्टीवर आले तेव्हा आष्टीजवळच्या त्याच्या गावी गेले. ओसरीवर त्याची आई, चार बायका. मी कोण ते आणि डोळ्याचं सगळं सांगितलं. एक शेजारीण म्हणाली, “बाई, तवा डोळा गेला असता तं पोरगं आज घरी असतं.”

हे माझ्याही मनात आधीच येऊन गेलं होतं.  त्याची आईच बोलली.

“असं नोको बोलू वो. मागच्या सुट्टीत आला, आंगनात पाय ठेवला अन् म्हने, आई, गोठ्याचा वास येऊन राह्यला. मी म्हनलं, गोठा हाय तं गोठ्याचाच येईन, मोगरा लावला का तिथं? तं हसतच बसला. शेन काढायले सोता गेला. मले का मालूम, माह्या पोराले दोन वर्सं वासच नोयता. चिठ्ठीत लिवे, बरा हाय.” पदर नीट करून तिनं मला विचारलं, “तुमच्याजवळ बोलला म्हनता ना तो, खरं का ते?”

“बोलला.”

“मंग बरं झालं. कोनाजवळ तं बोलला.”

तिनं चहा ठेवला. मी थांबले, पिऊन निघाले.

शिपाई गजानन काळबांडे. त्याच दिवशी त्याच्यासोबत त्याचे सुभेदारही गेले, ज्यांनी त्याला बळंच हेलिकॉप्टरमध्ये बसवलं होतं. दोघांची नावं मी रोज घेते असं नाही. पण कुणी नाकानं गेंगाणं बोलत “काही नाही, सर्दी आहे” म्हणालं, की घेते.

तर प्रशांत, डॉक्टरांकडून तारीख घे. आणि त्याच्या आधी एकदा पुलगावला ये. सुनेला घेऊन ये, सीटीची फिल्म घेऊन ये, दिव्यावर धरून तिघं पाहू. आल्या आल्या “मी मस्त आहे, मावशी” म्हणू नकोस. आधी बस, पाणी पी, भीती कसली वाटते ते सांग. मी ऐकते. लवकर येजो, बापू.