आण्णा नेमके कुठल्या गोळीच्या बाजूचे?

फार्मसीची पदवी घेऊन मी शाहूपुरीतल्या औषध दुकानात नोकरी मागायला गेले, तेव्हा मालक शिवलिंगआण्णांनी मला बसायलाही सांगितले नाही. तापाच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या समोर ठेवल्या. एक नावाजलेल्या कंपनीची, एक जेनेरिक.

"ह्यातली चांगली कुठली, सांगा."

दोन्हींत पॅरासिटामॉल, मात्राही तेवढीच. काय सांगणार? मी दोन्ही पट्ट्या तशाच परत सरकवल्या.

"उद्यापास्नं या," आण्णा म्हणाले. मला का घेतले, ते कळलेच नाही.

पुढे आण्णा कुठल्या गोळीच्या बाजूचे, तेही कळेना. एका गिऱ्हाइकाला आण्णा ठासून सांगत, "औषध त्येच हाय की, पावणं, नावाला कशाला भुलताय?" लगेच मागच्या आजोबांनी नेहमीची पट्टी मागितली, की तीच शोधून देत, जेनेरिकचा शब्दही काढत नसत. मी पार चक्रावून जाई.

मग माझी आई आजारी पडली. मुरगूडहून एस.टी.ने ती थेट दुकानातच आली. अन्न जात नव्हते, मळमळ थांबत नव्हती. आण्णांनी आधी तिला पिशवी उघडायला लावली. आत दोन रंगांच्या पट्ट्या निघाल्या.

"आक्का, ह्या दोन्ही घेतासा?"

"व्हय की. ही तापाची, ती अंगदुखीची. दोन्ही येकदमच घेतो."

एक तिच्या सवयीच्या कंपनीची, दुसरी गावात मिळालेली जेनेरिक, दोन्ही पॅरासिटामॉलच! कितीतरी दिवस ती दुप्पट औषध घेत होती. आण्णांनी भरगर्दीत दुकान बंद केले, आमच्याबरोबर रिक्षात बसले आणि तपासण्या होईपर्यंत दवाखान्यातून हलले नाहीत. यकृताला सूज आली होती. वेळेवर आणलेत, असे डॉक्टर म्हणाले आणि मला रडूच फुटले.

आई बरी झाल्यावर मी आण्णांना विचारले, "मग जेनेरिक द्यायची की नाही?"

"द्यायची की! पर माणूस औषधाचं नाव वाचून गोळी घेतंय का रंग बघून, त्ये आदी बघायचं. रंगावर जाणाऱ्याची पट्टी बदलली, तर समजावल्याबिगर सोडायचं न्हाय."

ऐकायला सोपे वाटले. पण काउंटरपलीकडचा माणूस कोणत्या प्रकारचा, हे आण्णांना कसे समजते, ते मला आजही उमगलेले नाही.

आण्णा, आज आपली पंचाहत्तरी; यापुढेही आपल्याला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थही आहे. मुलगी फार्मासिस्ट असून आई माझे ऐकत नाही. पट्टी वेगळी दिसली, की गोळी हातात धरून आपल्याला फोन लावते आणि आपण "घ्या, आक्का" म्हणेपर्यंत तोंडात टाकत नाही. तो फोन उचलायला आपण असायलाच हवे.