वहिनींची क्रोशाची सुई

शेवटच्या भेटीत वहिनी माझ्यावर रागावल्या होत्या. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढे मी गोड गोड लिहायला लागेन. शालिनी वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ गेल्यापासून जबलपूरच्या त्या घरात एकट्याच राहायच्या, मी दोन गल्ल्या सोडून. त्या शनिवारी गेलो, तर खाटेवर बसून दुसऱ्या दिवशीच्या घाटसफाईसाठी फाटकी पोती शिवत होत्या आणि पाय हे एवढे सुजलेले. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "वहिनी, पुरे झालं आता. कोणासाठी करून राहिल्या हे?" त्यांनी दोरा दातांनी तोडला. "तुम्ही नका येऊ भाऊजी. तुम्हाला काहून त्रास? फक्त माझ्या वेळी घाटावरून एकही प्लास्टिकची पन्नी पाण्यात जाऊ देऊ नका. तेवढं करा." मी "हो, हो" म्हणालो, चहा संपवला आणि निघालो. मंगळवारी सकाळी त्यांच्या शेजारणीचा फोन आला... दूधवाला घंटी वाजवून परत गेला होता.

नर्मदेच्या ग्वारीघाटावर त्या पहिल्यांदा झाडू घेऊन गेल्या ते शाळेतून निवृत्त झाल्यावर. आयुष्यभर गणित शिकवलेली बाई, घरी बसून करणार काय? सुरुवातीला गल्लीतली बरीच मंडळी रविवारी सोबत यायची. मग कोणाची कंबर दुखली, कोणाकडे पाहुणे आले, आणि वर्षभरात उरलो आम्ही दोघं आणि शिवप्रसाद नावाडी, तोही नावेला गिऱ्हाईक नसलं तर. मी काही नदीच्या प्रेमानं जात नव्हतो. भावाच्या माघारी वहिनी एकट्या जातात, लोक काय म्हणतील, म्हणून जायचो आणि साडेआठपर्यंत कुरकुरत राहायचो.

कुरकुरायला कारणही होतं. लोक निर्माल्य पन्नीत भरतात, वर घट्ट निरगाठ मारतात आणि ती पन्नी तशीच मैयाला वाहतात. आम्ही बांबूनं ती काठावर ओढायची. मी म्हणायचो, फाडा, फुलं एकीकडे, पन्नी एकीकडे, मोकळे व्हा. पण वहिनी पायरीवर बसून प्रत्येक गाठ सोडवायच्या. गळ्यात दोऱ्याला क्रोशाची सुई बांधलेली असायची. तिचं वाकडं टोक गाठीत घालायच्या, जरा हलवायच्या, आणि माझ्या नखांना दाद न देणारी निरगाठ सुटायची. "फाडली की तुकडे होतात भाऊजी. तुकडे वाऱ्यानं परत पाण्यात. मग ते कोण वेचणार?" त्यांचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला जास्त राग यायचा. एका गाठीला जेवढा वेळ, तेवढ्यात वरच्या पायरीवरून आणखी दोन पन्न्या पाण्यात.

एकदा शहरातल्या एका संस्थेची मंडळी आली. सगळ्यांच्या टोप्या, हातमोजे नवे कोरे, फलक धरायलाच चार जण. वहिनींना मधोमध उभं करून फोटो काढले. तासाभरात सगळे गेले आणि मागे पोहे-जिलेबीच्या थर्माकोलच्या प्लेटा राहिल्या. त्या आम्ही वेचल्या. मी तोंडाला येईल ते बोलत होतो. वहिनी म्हणाल्या, "अच्छा, झालं बोलून? ती पायाखालची उचला." सोमवारी पुन्हा ये रे माझ्या मागल्या. इतकी वर्षं, आणि घाट आहे तसाच आहे. त्यांना हे दिसत नव्हतं का? विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी फक्त भांडलो.

त्यांची मुलगी मृणाल बंगळूरहून आली. तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन निघायचं, तर ती म्हणाली, "काका, आईच्या झाडाची फुलं न्यायची ना? बाजारची नको." अंगणातली तगर होती. मी ओंजळ-ओंजळ तोडली. स्कूटरवर उडू नयेत म्हणून स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची एक पांढरी पिशवी घेतली, फुलं भरली आणि वर घट्ट निरगाठ मारली. घाटावर उतरताना एका कुटुंबाला टोकलंसुद्धा मी, "भैया, पन्नी मत डालिए." लोका सांगे ब्रह्मज्ञान...

नाव शिवप्रसादचीच होती. गुरुजींच्या मागे आणखी दोन घरं खोळंबली होती, मंत्र धावत होते. मृणालनं अस्थी सोडल्या. ती इतकी रडत होती की मला दुसरं काही सुचेना. गुरुजी म्हणाले, "फूल भी पधरा दीजिए, जल्दी." मी हात जोडले, पिशवी कपाळाला लावली आणि सोडून दिली. गाठीसकट. नाव वळली तेव्हा हात रिकामे वाटले, आणि तेव्हा लक्षात आलं. मी ओरडलो, "शिवप्रसाद, नाव फिरव, पन्नी गेली." गुरुजींनी माझा खांदा दाबला. "विसर्जन के बाद पीछे नहीं देखते." शिवप्रसादनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा गुरुजींकडे, आणि काठाकडे वल्हवत राहिला. मी साधी मानही वळवली नाही. एकच गोष्ट मागितली होती बाईनं. मृणालला मी अजून सांगितलेलं नाही.

पुढच्या रविवारी त्यांच्या देव्हाऱ्याशेजारची सुई घेऊन एकटाच घाटावर गेलो. बांबूनं जेवढ्या पांढऱ्या पन्न्या हाताला लागल्या, तेवढ्या ओढल्या. प्रत्येकीत झेंडू, नाहीतर गुलाब. शिवप्रसाद नावेतून म्हणाला, "भैया, वो तो उसी दिन आगे बह गई होगी." मला माहीत होतं. तरी सगळ्या उघडून पाहिल्या.

आता पाच रविवार झाले. सुई माझ्या गळ्यात असते आणि लोक बघतात. पण मला ती चालवता येत नाही. दोन गाठी कशाबशा सुटतात. तिसरीला टोक घसरतं, बोटात रुततं, संयम सुटतो आणि मी पन्नी फाडतो. मग तिचे तुकडे वाऱ्यावर उडतात, आणि मी गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरून ते वेचत बसतो.