सँडीचा उजवा खांदा

मोराग मॅकफीला तू कितीसा ओळखत होतास, असं कुणी विचारलं की क्लेम बर्च दिवस मोजून सांगे. एकाच गावात पन्नास वर्षं काढूनही त्यांचं खरं बोलणं झालं ते अकरा दिवस, आणि तेही क्रेनच्या घरघराटात. तिचं लग्न का मोडलं, ती चर्चला का जात नसे, यातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते एवढंच, की तिला सँडी सुधारायचा होता.

सँडी म्हणजे किन्लॉक फ्लॅटच्या वेशीवर, हमरस्त्याला लागून उभा असलेला बारा मीटर उंच बॅगपाइपवाल्याचा पुतळा. पत्र्याचा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा घागरा, आणि पत्र्याच्याच मिशा. स्कॉटलंडहून मेंढ्या घेऊन आलेल्या पूर्वजांची आठवण म्हणून गावाने तो उभारला. वेल्डिंग मोरागचं. नमुन्याला तिने आजोबांचा बॅगपाइप वाजवतानाचा जुना फोटो घेतला. काचेच्या निगेटिव्हवरून छापताना त्यातलं डावं-उजवं उलटं झालंय, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. येणार कसं? गावाला स्कॉटिशपणाचा केवढा अभिमान, पण बॅगपाइप वाजवणारा एकही माणूस उरला नव्हता! उद्घाटनाला शेजारच्या गावचं पथक आलं, त्यांच्या म्होरक्याने वर पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. वाद्याची पिशवी डाव्या काखेत हवी, लांब नळ्या डाव्या खांद्यावर, आणि बोटांनी वाजवायच्या नळीवर डावा हात वर, उजवा खाली. सँडीचं सगळं उलट, उजवीकडे. तेव्हापासून दर ईस्टरच्या मेळ्याला पाहुणे वादक सँडीखाली मुद्दाम उजव्या काखेत वाद्य धरून फोटो काढून घेत.

तेहतीस वर्षं मोरागने हे पाहिलं. त्र्याहत्तराव्या वर्षी ती नगरपालिकेच्या बैठकीत उभी राहिली.

अध्यक्ष ट्रेव्हर म्हणाला, "अगं मोराग, कपांवर, टॉवेलांवर तो असाच छापलाय. लोकांना असाच आवडतो."

"वाजवणारे हसतात."

"हसू देत की! हसायला थांबतात, तेवढंच पेट्रोल भरतात."

"तो माझा आजा आहे, ट्रेव्हर. हसं करून घ्यायला नाही उभा केला मी त्याला."

शेवटी तिला परवानगी मिळाली, पण अट घालून: ईस्टरच्या मेळ्याआधी काम पुरं झालं नाही, तर सगळं होतं तसं पुन्हा जोडायचं.

दुसऱ्या दिवशी ती क्लेमच्या फाटकाशी हजर.

"तुझी क्रेन चालते का रे अजून?"

"क्रेन चालते. माझंच काही सांगता येत नाही."

"तुला नुसतं बसायचंय. तेवढं जमतं ना?"

आठ दिवसांत पिशवी आणि तिन्ही लांब नळ्या डावीकडे आल्या. तिची मनगटं सुजली होती. पट्ट्या बांधून ती वर चढायची. मेळ्याला चार दिवस उरले होते. क्लेमने भीत भीत सुचवलं, "हात राहू देत आता. डावा वर की उजवा, खालून कोण बघतंय?"

"ज्याला वाजवता येतं तो."

"वेळ नाही पुरला तर सगळंच परत काढावं लागेल."

"मग बडबड थांबव आणि दोर सैल सोड."

तिने दोन्ही हात कोपरापासून कापले आणि डावा वर, उजवा खाली असे पुन्हा जोडले. त्याला तीन दिवस लागले. शेवटचा सांधा जुळला तेव्हा मेळ्याला एक दिवस बाकी होता.

पथक आलं. म्होरक्याने मान वर करून बराच वेळ पाहिलं. हात पाहिले, बोटं पाहिली. मग त्याने आपलं वाद्य डाव्या काखेत घेतलं आणि वाजवायला सुरुवात केली. मागून पथकाने साथ धरली. कुणी हसलं नाही.

क्लेमने गर्दीत मोरागला शोधलं. ती सँडीच्या चौथऱ्यामागे हत्यारं गुंडाळत होती. त्यानंतर त्यांची गाठ पडली नाही. जूनमध्ये ती वारली. मेळ्याच्या त्या दिवशी तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

"पावसाआधी सांध्यांना रंगाचा दुसरा हात हवा," ती म्हणाली.

"मारतो."

"आधी घास. नुसता फासू नकोस."

"घासतो."