चिखलाचे टायर

आमच्या चेअरमननी जीपला चिखलाचे टायर बसवले, तेव्हा सगळ्या आष्टी तालुक्यात चिखल औषधालासुद्धा शिल्लक नव्हता. चेअरमन म्हणजे माझे यजमान. आमच्या भागातल्या दूध संस्थेचे चेअरमन झाल्यापासून मी घरातही त्यांना तेच म्हणायचे. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. त्यांनाही ते आवडायचं, म्हणून चेष्टा कधी संपली ते दोघांनाही कळलं नाही.

नगर रस्त्यावरच्या एका गॅरेजात जीप बरेच दिवस पडून होती. स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जास्तीची पानं घातली, शॉकअप लांब बसवले, गाडी चांगली वीतभर वर उचलली. मग ते टायर आले. नांगरलेल्या रानातल्या ढेकळांसारखी त्यांची नक्षी होती. पहिल्याच वळणावर ते मडगार्डला घासले, तर चेअरमननी टायर बदलले नाहीत, मडगार्ड कापून घेतले. पायदानही काढून टाकलं, का तर दगडाला अडकतं.

"बाईमाणसानं चढायचं कसं?" मी विचारलं.

"व्हईल सवय. आता रस्ता कसलाबी असू द्या, आपली गाडी अडायची न्हाई."

दुष्काळात रस्ता अडवणार कोण होतं? कोरड्या ओढ्यात पोरं क्रिकेट खेळत होती. पण खोटं कशाला सांगू, एकदा धडपडत वर चढून बसलं की मलाही बरं वाटायचं. लोकांच्या कुंपणाच्या आतलं दिसायचं. वेशीतून जाताना माना वर व्हायच्या. नंतर लक्षात आलं की पूर्वी खिडकीवर कोपर टेकवून चेअरमनशी बोलणारी माणसं आता टाचा उंचावून बोलतात. एका म्हाताऱ्यांची वर बघता बघता टोपी मागे पडली. ती उचलून, झटकून त्यांनी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि राहिलेलं बोलणं न बोलताच गेले. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या गाडीत बसल्याची लाज वाटली.

आणि त्या टायरांना आवाज होता. डांबरीवर वेग घेतला की घूंऽऽ असा जड आवाज यायचा, गाडी दिसायच्या कितीतरी आधी. चेअरमनना त्याचं एवढं कौतुक, की ते ऐकायला टेप बंद करायचे.

माझं माहेर पाटोद्याकडच्या डोंगरात. वडील गेले, आणि त्या वर्षी भाऊ-भावजयीनं पहिल्यांदाच कोयता घेतला. ऊसतोडीला पश्चिमेकडं गेले ते अजून फिरले नव्हते. आई एकटी राहिली होती. गावची विहीर दिवाळीलाच आटली होती आणि टँकर येईल तेव्हा येईल. आमच्याकडं मात्र संस्थेचे दुधाचे कॅन धुवायलाच पाणी यायचं, त्यातलं घरच्या हौदातही पडायचं. हे आठवलं की घास गोड लागत नव्हता. पाऊस पडेपर्यंत आईनं आमच्याकडं येऊन राहावं म्हणून मी तिच्या किती विनवण्या केल्या असतील. लेकीच्या घरी पाहुणी म्हणून यायला तिची ना नसायची, पण राहायला यायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं. शेवटी शेजारच्या काकूंनी तिला राजी केलं. "जावईबापू सोता न्यायला येनार असतील तर येते," असा निरोप आला. मी त्याच आठवड्यात चेअरमनना घेऊन निघाले.

डोंगर चढून गावाच्या सपाटीला लागलो. चेअरमननी वेग घेतला, टेप बंद केला. टायर घुमायला लागले.

गाव दिसलं तेव्हा पाराजवळून बायका पळत रस्त्याकडं येताना दिसल्या. हंडे, कळश्या, बादल्या, प्लास्टिकचे कॅन. कुणाचा पदर पडलेला, कुणी एका हातानं पोर आणि दुसऱ्या हातानं हंडा ओढत होती. त्या गावात पारापाशी हंडे नंबरानं लावलेले असले, तरी टँकरची नळी ज्याच्या हाती लागेल त्याचं भांडं आधी भरायचं, म्हणून टँकर थांबायच्या आत रस्ता गाठायचा. मी म्हणाले, "टँकर आला वाटतं." मागं वळून पाहिलं. मागं रस्ता रिकामा होता.

मग मला समजलं. आमच्या टायरांचा आवाज त्यांनी टँकरचा धरला होता.

चेअरमनना कळलं नाही. त्यांना वाटलं, जावई आला म्हणून लोक आले. त्यांनी हसत हॉर्न वाजवला. आणि त्या गर्दीत सगळ्यात पुढं, साठी उलटलेली, गुडघ्यांनी अधू, नऊवारीचा ओचा धरून, हातात बादली घेऊन माझी आई पळत होती. तिला पळताना मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं.

गाडी थांबली. धूळ पुढं गेली आणि सगळ्यांच्या अंगावर बसली. बायका जागीच उभ्या राहिल्या. यातल्या निम्म्या घरांचं दूध आमच्याच संस्थेला येत होतं. चेअरमनना सगळ्या ओळखत होत्या. एक जण हळूच म्हणाली, "आगं माय, चेअरमनसायबाची गाडी हाय ती." तेवढ्यात पारापाशी दोघींचं भांडण लागलं. पळापळीत मागं ठेवलेल्या हंड्यांचे नंबर मोडले होते.

आईनं वर पाहिलं. मी दिसल्याबरोबर तिनं आधी डोक्यावरचा पदर सारखा केला.

मला उतरता येईना. नेहमी चेअरमन पलीकडून येऊन हात द्यायचे, पण गावच्या बायकांसमोर ते बायकोचा हात कसा धरतील? ते आपल्या बाजूनं उडी मारून उतरले आणि पुढच्या टायरावर हात ठेवून उभे राहिले. मी दार उघडून पाय लोंबकळत बसले. लहानपणी ज्या रस्त्यानं अनवाणी हिंडले, त्यावर मला उतरता येत नव्हतं, आणि सगळं गाव खालून बघत होतं.

आई पुढं आली. हातातली बादली तिनं दाराखाली पालथी घातली आणि वर आलेला तळ हातानं पुसला.

आमच्या घरात पाण्याच्या भांड्याला चुकून पाय लागला तर हात लावून नमस्कार करायचा, ही शिस्त तिनंच लावलेली. मी पाय वरच धरला.

"ठेव पाय," ती म्हणाली. "रिकामीच हाय."

मी पाय ठेवला. पत्रा कट्ट करून आत दबला. खाली उतरल्याबरोबर मी वाकून बादलीला हात लावला, तो कपाळाला लावला. बायकांना वाटलं, मी आईच्या पाया पडले. "लेकीला वळण हाय," कुणीतरी म्हणालं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आज कावून नंबराला बसलीस?" मी आईला हळूच विचारलं. "आपल्याला तर निघायचंच हाय."

"जावई यायचे. पायावर घालायला अन् च्याला पानी नगं का?"

ते चेअरमननी ऐकलं. त्यांचा टायरावरचा हात खाली आला. ते पुढं होऊन म्हणाले, "मामी, च्या राहू द्या. बसा गाडीत, आपण लगेच निघू." जावई सासूला मामीच म्हणतात आमच्याकडं.

आईनं गाडीकडं पाहिलं, चाकापासून टपापर्यंत. मग पारापाशी पुन्हा नंबर लावणाऱ्या बायकांकडं पाहिलं.

"रागावू नका," ती चेअरमनना म्हणाली, "पर मी न्हाई येत."

मी रडकुंडीला आले. "तू कबूल झालतीस. तिथं पानी हाय, माझं घर हाय."

"तुज्या घराला मी नावं ठिवत न्हाई बाय. पर ह्या गाडीत एवढं उंच बसायचं अन् ह्या समद्यायच्या मधून जायचं? तिथून खाली बगितलं की ह्येंचे रिकामे हंडे दिसत्याल. मला न्हाई बघवायचं."

चेअरमन म्हणाले, "दुसरी गाडी लावून देतो." आई म्हणाली, "पाऊस पडल्यावर बगू." ती असं म्हणाली की पुढं बोलण्यात अर्थ नसायचा, हे मला ठाऊक होतं. तिचं गाठोडं दारात बांधून ठेवलेलं असणार, तेही मला ठाऊक होतं.

निघताना तिनं बादली पुन्हा दाराखाली पालथी धरली, मी चढले. दार लावायच्या आत ती चेअरमनना म्हणाली, "येक सांगू का? गाडी जरा हळू न्या. बाया परत उठत्याल."

चेअरमननी मान हलवली. गाडी पहिल्या गिअरमध्ये घातली आणि बैलगाडीच्या चालीनं हाकायला लागले. एरवी मी काहीतरी टोचून बोलले असते. त्या दिवशी त्यांच्याकडं बघवेना, स्वतःकडंही बघवेना. वर बसल्याचं सुख मीही घेतलं होतंच. गाव मागं पडलं, माळ लागला, तरी त्यांनी गिअर बदलला नाही. मग उतार आला. ब्रेकवर पाय ठेवूनही चाकं फिरायची ती फिरलीच, आणि टायर घुमले.

उताराच्या टोकाला एक वस्ती आहे. तिथल्या झोपडीतून एक बाई हंडा घेऊन लगबगीनं रस्त्यावर येऊन उभी राहिली आणि तिनं आम्हाला थांबायला हात केला.