एका ओळीची ओवी

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, माझ्या छोट्या रेकॉर्डरच्या स्पंजच्या टोपीला अजून भंडाऱ्याचा वास येतो. चौसाळ्याकडच्या जत्रेत एका म्हाताऱ्या धनगराची ओवी रेकॉर्ड करायला गेलो होतो. ढोल घुमला, म्हाताऱ्यानं कानावर हात ठेवून पहिली ओळ उचलली, आणि पुढाऱ्याची गाडी आली. ढोल थांबवून शाली, फेटे, नारळ आणि वर भाषण झालं. म्हातारा कानावर हात ठेवून तसाच उभा. भाषण संपताच लोक पंगतीला पळाले, ओवी राहिलीच. पुढची जत्रा काही त्यानं पाहिली नाही. त्याची म्हातारी त्याचा आवाज ऐकायला माझ्या घरी आली, रेकॉर्डर कानाला लावून शेवटपर्यंत बसली. ते रेकॉर्डिंग मी अजून ठेवलंय, तिचा प्रश्नही: “सायबाचं भाषण लई साफ आलंय, भाऊ. आमच्या मालकाचं एवढंच हाय?”