हेडलाइटचा हट्टी स्क्रू

समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, काल सकाळी आमच्या अंगणात एक घनघोर युद्ध झाले. एका बाजूला पंच्याण्णव किलोंचा मी, दुसऱ्या बाजूला नखाएवढा गंजका स्क्रू.

आमच्या संसारातल्या पहिल्या स्कूटरच्या हेडलाइटचं झाकण त्याने धरून ठेवलं होतं. तसलं झाकण आता कुठेच मिळत नाही. स्क्रूची खाच झिजली असती, तर ते कापावंच लागलं असतं. मी त्याला रॉकेल पाजलं, हातोडीनं हळूच टिचक्या मारल्या, लाडीगोडी लावली.

"अहो, जपून! गाडीचं तोंड विद्रूप कराल," दारातून बायको ओरडली.

मग भिंग लावून पाहिलं, तर गंजात लाल-पिवळे थर. हळदकुंकू! दर दसऱ्याला हिनं नेमकं तिथंच पाणी शिंपडून गाडीची पूजा केली होती. गाडीला काही होऊ नये म्हणून घातलेल्या पाण्यानंच ती गंजली होती. मला हसू आवरेना. किती मायेनं आपण एकेक गोष्ट गंजवत असतो! पण ज्या गाडीला कुणी कधी कुंकू लावलं नाही, तिच्या स्क्रूसाठी अशी सकाळ कोण घालवेल?

पुन्हा जोर लावला. कर्रर्र! स्क्रू फिरला, झाकण अख्खं हातात आलं. मी नाचतच बायकोला तो लाल-पिवळा गंज दाखवला आणि सगळा गुन्हा तिच्या माथी मारला.

ती क्षणभरही ओशाळली नाही. म्हणाली, "बघा! माझ्या कुंकवानं धरून ठेवला, नाहीतर केव्हाच पडला असता!"